एकत्र भोगायच्या

चांगुणाबाई दारात दिसल्या तसा वैजयंती वकिलांनी उघडलेला डबा फायलींच्या आड सरकवला. बेलापूरच्या या नव्या इमारतीत निम्मी ऑफिसं अजून बंदच होती. एरवी एकटीनं जेवताना कुणी बघेल, अशी भीतीच नव्हती.

"बसा मावशी. अपिलाचा निकाल लागला. पोपटच्या तिन्ही शिक्षा आता एकत्र भोगायच्या, असं हायकोर्टानं म्हटलंय."

म्हातारीचा चेहरा उजळला. "म्हंजे माज्या पोराला सोबत दिली?"

"त्याला नाही हो. शिक्षांना." वैजयंतीबाईंनी तीन बोटं वर केली. "गोदाम फोडलं त्याची चार वर्षं, माल चोरला त्याची तीन आणि वॉचमनचा हात मोडला त्याची पाच. खालच्या कोर्टानं एकीमागून एक भोगायला सांगितल्या होत्या, म्हणून बारा होत होती. आता तिन्ही एकाच वेळी चालायच्या." त्यांनी बोटांची मूठ केली. "पाच संपली की सगळ्या संपल्या."

चांगुणाबाई त्या मुठीकडे बघत राहिल्या.

"बारा वर्सं काय मी ऱ्हात नव्हते. पाच काढीन. मिठागरात मुरलेली हाडं हायत."

"काढालच."

"पन तवर तो? त्याच्याजवल कोन हाय?"

"बराकीत चाळीसेक माणसं असतात, मावशी."

"त्यात आपल्या बोनकोडे गावचा कोन?"

वैजयंतीबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"रातचा मागल्या दारी जायाचा झाला तरी मना सोबतीला उठवायचा. एवढा घोडा झाला, तरी. आनि गेला गोदाम फोडाला!" चांगुणाबाई हसल्या, मग पदरानं नाक पुसलं. "बरा झाला. शिक्षांना तरी सोबत गावली."

त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या. बाहेरच्या लांब, रिकाम्या व्हरांड्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग मागे वळून टेबलाकडे.

"वकीलबाई, तो डबा काढ. मगाशी लपवलास तो."

"नंतर खाईन मी. तुमची बस जाईल."

"जाऊं दे."

त्या परत आल्या, खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

"जेव तू. मी बगत नाय."