हलका हात

"डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?"

"न्हाई," रणजीत म्हणाला. प्रश्न पुरता संपायच्या आतच म्हणाला.

टेक्निशियन विजयश्रीनं मान वर केली. पेसमेकर आहे का, हाडात कुठं रॉड किंवा स्क्रू बसवलाय का, या प्रश्नांना त्यानं विचार करून उत्तरं दिली होती. याचं उत्तर मात्र तयारच होतं.

रणजीतला या सगळ्या प्रकरणातच पाणी मुरताना दिसत होतं. चाकणच्या कंपनीत लोखंडाचं जड कास्टिंग उचलताना त्याच्या कमरेत उसण भरली, एक पाय बधिर झाला. कंपनी म्हणत होती, हे गावाकडचं जुनं दुखणं आहे. आणि आता तीच कंपनी स्वतःच्या गाडीनं त्याला चिंचवडला एमआरआयला घेऊन आली होती, वर सोबतीला सुपरवायझर दिग्विजय. जी कंपनी चहाचा दुसरा कप देत नाही, ती गाडी कशाला देईल? डोळ्याचं कबूल केलं, की म्हणतील हा गॉगल लावत नव्हता, हा असाच बेफिकीर. कंत्राटी माणसाला काढायला तेवढं पुरतं. ताकास तूर लागू द्यायची नाही, असं त्यानं सोबत आलेल्या बायकोला, कस्तुराला, घरूनच बजावलं होतं.

"का विचारते ते सांगते," विजयश्री म्हणाली. "आत मोठा चुंबक आहे. तो कायम चालू असतो, स्कॅन नसला तरी. डोळ्यात बारीकसा कण राहिला असेल तर तो जागचा ओढला जातो. डोळा जाऊ शकतो. आता पुन्हा विचारते."

खरं सांगून टाकावं असं रणजीतला क्षणभर वाटलं. पण दारात दिग्विजय उभा होता, मोबाइलमध्ये बघितल्यासारखं करत, कान इकडं ठेवून.

"न्हाई म्हणलं की मॅडम. एकच गोष्ट कितींदा इचारायलात?"

"ताई, तुम्हाला काही आठवतंय?"

"मला काय म्हाईत? मी घरी असते," म्हणत कस्तुरानं भिंतीवरच्या घड्याळाकडं नजर वळवली.

विजयश्रीला ते पटलं नाही. तिचा स्वभावच संशयी म्हणा; या कामात तो असावाच लागतो. पेशंटला दिलेल्या ढगळ गाऊनच्या बाह्या तोकड्या होत्या आणि रणजीतच्या दोन्ही हातांवर ठिणग्यांचे मोहरीएवढे डाग होते. तिनं पेन खिशात ठेवलं.

"ग्राइंडिंगला आहात ना? माझे वडील भोसरीला ग्राइंडिंगवरच होते. तुमच्या शॉपमध्ये कण काढायला कोण आहे?"

रणजीत सैलावला. ही काही चौकशी नव्हती, ही तर घरची गोष्ट निघाली. कारखान्याच्या प्रत्येक शॉपमध्ये असा एकजण असतोच. कण गेला म्हणून दवाखान्यात कोण जातं? हजेरी तुटते, कंपनीच्या नावावर अपघात चढतो. काडीला कापूस गुंडाळायचा, पापणी उलटी करायची, झालं काम. शिंक आली म्हणून कुणी आजारी पडलो म्हणत नाही, तसंच हे.

"हे काय, आमचे साहेबच की," त्यानं दाराकडं हात केला. "लाइनवर व्हते तवापासून. लई हलका हात. कळत बी न्हाई."

म्हणाला आणि त्यानं जीभ चावली. कस्तुरानं कपाळाला हात लावला.

दिग्विजयचा मोबाइल खाली आला. "तसं काय नाय ओ मॅडम. दोन-चार वेळा काढला असंल. सगळीकडंच काढत्यात."

विजयश्रीनं आतलं जाड दार ओढून लावलं. "आधी दोन्ही डोळ्यांचा एक्स-रे. तोवर हे आत जाणार नाहीत." मग ती दिग्विजयकडं वळली. "शेवटचा कण कधी काढलात?"

"दिवाळीच्या आधी."

"पूर्ण निघाला होता?"

दिग्विजयनं मोबाइल खिशात घातला.

आता रणजीतही त्याच्याकडं बघायला लागला. या माणसाच्या कुठल्याच शब्दावर त्याचा भरवसा नव्हता. ओव्हरटाइमच्या नाही, पर्मनंट करण्याच्या वायद्याच्या तर नाहीच नाही. भरवसा होता तो फक्त त्याच्या हातावर. त्या हातापुढं तो डोळा सताड उघडून बसायचा.

"साहेब, खरं सांगा," तो म्हणाला. त्याला खरोखरच भीती वाटत होती आणि ती लपवायचं आता त्याच्यात त्राण नव्हतं. "कंपनीचं ऱ्हाऊ द्या. माझ्या डोळ्याचं बोला."

दिग्विजयनं उजव्या हाताची बोटं एकमेकांवर चोळली. चोळत राहिला.

"कण दिसायचा बंद झाला," तो म्हणाला, "की निघाला म्हणायचो आमी."