खाटेपुरती जागा

नवी खाट सकाळपासून अंगणात उभी होती आणि गुणवंतराव मास्तर आतल्या खोलीत पुस्तकांच्या ढिगांत बसले होते. खाट आत यायची तर निम्मी पुस्तकं बाहेर जायला हवी होती. ती विहाराच्या वाचनालयाला द्यायची, हे मास्तरांनी स्वतःच कबूल केलं होतं. आता दुपार कलली, तरी द्यायच्या ढिगात पुस्तकं चारच. त्यातलंही एक त्यांनी हळूच परत घेतलं.

दाराशी खुर्चीवर बसलेल्या वच्छलाबाईंनी ते पाहिलं. त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. खाली झोपायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि पुढच्या खोलीतल्या अरुंद बाकावर धड कूसही बदलता येत नव्हती.

"अजी, ते काऊन घेतलं वापस?"

"लागते."

"कोनाले?"

मास्तरांनी चिडून पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर त्यांचं नाव, साल, आणि खाली 'दीक्षाभूमी, चंद्रपूर'. सगळ्याच पुस्तकांवर असं होतं. दर ऑक्टोबरात दोघं सावली गावाहून तिथल्या सोहळ्याला जायची, आणि मास्तर एकदा पुस्तकांच्या स्टॉलवर उभे राहिले की हलायचे नाहीत.

तेवढ्यात एकच पुस्तक तीनदा निघालं.

"यातलं एक ठेवा," वच्छलाबाई म्हणाल्या.

"तिन्हीची छपाई अलग आहे!" मास्तर ओरडलेच. "तुले का समजते त्यातलं? पोटाले चिमटा घेऊन जमवलं हे. किती तरासानं आणलं एकेक पुस्तक, मालूम आहे?"

आता मात्र वच्छलाबाईंना राहवेना.

"मालूम नाई तं का! आणलं कोनं? तुमच्या खांद्यावर निकेश, अन् गठ्ठा माह्या डोक्शावर. दीक्षाभूमीपासून बसस्टँडपावतर. पोरगा मोठा झाला, तरी गठ्ठा माह्याच डोक्शावर! हे गुडघे का असेच गेले?"

मास्तरांनी खाली पाहिलं. हातातल्या पानावर त्यांचं एकट्याचंच नाव होतं. त्यांनी पुस्तक मिटलं.

मग ते उठले. तिन्हींतली दोन ढिगात टाकली आणि काही न उघडता कप्पेच्या कप्पे रिकामे केले. जुन्या लुगड्यात गठ्ठा बांधला. विहार जवळच होता, पण निकेश मोटरसायकल घेऊन ड्यूटीवर गेलेला. मास्तरांनी गठ्ठा उचलला. तो कसाबसा कमरेपर्यंत आला आणि धपकन खाली बसला.

वच्छलाबाई बघत होत्या. राग अजून उतरला नव्हता. त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल ओढला, पिळून गोल गुंडाळला आणि नवऱ्यापुढे धरला.

"चुंबळ घ्या. बिना चुंबळीनं मान अकडते."