पाण्याच्या टाकीजवळचा बाक

पुन्हा कुणीतरी पानाला हात लावला होता. ‘वाचनालयासमोरचा बाक. तीन माणसं बसतात,’ असं तिनं लिहिलं होतं. आता तिथं होतं, ‘दोन माणसं ऐसपैस. तिसऱ्यानं अंग चोरून बसावं. उठताना धरायला उजवीकडे कठडा आहे.’ खाली नाव नव्हतं. तिच्या मनात पाल चुकचुकली.

चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं तिचं काम. दुपारी गिऱ्हाईक नसलं, की ती ही वेबसाइट उघडायची. शहरातल्या बाकांची वेबसाइट. कॉलेजात असताना तिनं आणि तिच्या तीन मैत्रिणींनी हौसेनं केलेली. फिकट पिवळा रंग, एका रेषेत न बसणारे फोटो आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक बटण, ‘बदल करा’. पासवर्ड नाही, नावनोंदणी नाही. कुणीही यावं, आपल्या माहितीतला बाक लिहावा, दुसऱ्याचं चुकलेलं दुरुस्त करावं. आणि लोक खरंच करायचे. कुणी सावली कधी येते ते लिही, कुणी मुंग्या आहेत म्हणून सावध करी. एकानं तर नुसतं लिहून ठेवलं होतं, ‘इथे बसून रडलो. बरं वाटलं. आभार.’ चौघींनी ते कधी पुसलं नाही.

मग लोक यायचे थांबले. मैत्रिणीही आपापल्या संसाराला लागल्या. एकदा कुठल्याशा यंत्रानं सगळ्या पानांवर वजन घटवायच्या गोळ्यांच्या जाहिराती चिकटवल्या. त्या खरवडून काढताना तिच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून ती ताकही फुंकून प्यायची.

आणि आता हे नवंच. एक झालं की दुसरं पान. ‘पाठ टेकायला आहे, हात टेकायला नाही.’ ‘बाक बुटका आहे. उठायला त्रास.’ एकही जाहिरात नाही, एकही लिंक नाही. म्हणूनच तिला जास्त संशय.

चौघींपैकी एक मैत्रीण अजून तिचा फोन उचलायची. तिला विचारलं, तर ती हसली. “आधी गोड वागायचं, मग माल खपवायचा. जुनी खोड आहे ही. कुलूप लावून टाक त्या बटणाला. आता फुकटात कोण कुणाची चूक दुरुस्त करतं गं?”

कुलूप लावायला तिचा हात धजेना. आधी चोर पकडायचा, मग कुलूप. तिनं नवं पान केलं. ‘टेकडीवरचा बाक, पाण्याच्या टाकीजवळ. रुंद. हात टेकायला दोन्ही बाजूंनी.’ टेकडीवर टाकी होती. बाक नव्हता. घरबसल्या थापा मारणारा कुणी असेल, तर तो या नसलेल्या बाकावरही सावली पाडणार, आणि तिथेच सापडणार. खाली तिनं नेहमीची सही केली, ‘चिमणी’. त्या वेबसाइटवर तिनं लिहिलेलं ते पहिलं खोटं. बोट जरासं अडखळलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्या पानाखाली ओळ आली होती, ‘वा! रविवारी सकाळी जाऊन बसू.’

‘बसू’? म्हणजे एकटा नाही. टोळीच दिसतेय.

रविवारी सकाळी ती टेकडीवर पोचली. स्कूटर टाकीच्या आडोशाला लावली आणि फोटो काढायच्या तयारीनं फोन हातात धरून उभी राहिली. सकाळी फिरायला येणारे येऊन गेले. कुणीच रेंगाळलं नाही. ऊन तापायला लागलं. आपल्यालाच कुणी बनवलं की काय, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात चढावर दोन म्हातारी माणसं दिसली. आजोबांचा एक हात काठीवर, दुसरा आजींच्या खांद्यावर. थोडं चालत, थांबत, पुन्हा चालत.

“आलंच हं आता. टाकी दिसली बघा,” आजी म्हणत होत्या.

टाकीपाशी येऊन त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आजोबांना भिंतीला टेकवून आजींनी टाकीभोवती चक्कर मारली. आजोबांचे पाय लटलट कापायला लागले होते. काठी हातातून सुटली.

ती धावली. स्कूटर ढकलत आणली, स्टँडवर घट्ट उभी केली आणि दोघींनी मिळून आजोबांना सीटवर बसवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी त्यांना पाजलं. बऱ्याच वेळानं त्यांच्या श्वासाची घरघर कमी झाली.

“देवासारखी आलीस बाळ,” आजी म्हणाल्या. “आजारातून उठल्यापासून यांना मधे मधे बसावंच लागतं. कुठे बसायला मिळेल, ते एका वेबसाइटवर असतं. आदल्या दिवशी मी एकटी जाऊन बाक बघून येते, आणि मग यांना नेते. आमच्यासारखं आणखी कुणी असेल, म्हणून चार शब्द लिहूनही ठेवते. या वेळी तेवढी बघायला आले नाही. चिमणीताईंनी स्वतः लिहिलंय, म्हटलं, त्यांचं काय तपासायचं?”

“आजी, ते पान…” ती सांगू लागली.

आजींनी फोन काढला होता. डोळ्यांजवळ धरून एका बोटानं त्या अक्षरं शोधत होत्या. “थांब हं, आधी हे लिहू दे. नाहीतर दुसरं कुणी धापा टाकत वर यायचं.”

“लिहा, की खोटं आहे म्हणून,” आजोबा डोळे न उघडता म्हणाले.

“काहीतरीच तुमचं,” आजींनी मानही वर केली नाही. “चिमणीताई खोटं लिहिणाऱ्यातल्या नाहीत. बाकच उचलून नेलाय कुणीतरी मेल्यानं.”