पुठ्ठ्याचा तळ

फ्रेंच क्रांतीचं तिसरं वर्ष सरत होतं आणि पॅरिसच्या सभागृहात ऑस्ट्रियाशी युद्धाचा ठराव मताला आला. आधी युद्धवाल्यांनी उभं राहायचं, मग विरोधकांनी, अशी तिथली रीत. मवाळ गटाच्या ओदिबेरने पहिल्या खेपेला बसून राहायचं ठरवलं होतं. सरहद्दीवरून त्याच्या शिपाई मुलाने बुटाचा तळ पाठवला होता, चामड्याऐवजी पुठ्ठ्याचा. सैन्य असल्या बुटांवर लढणार का, हे विचारत तो सभेला दाखवायचा होता, पण बोलायची पाळीच आली नाही. आजूबाजूचे सगळे उभे राहिले. शेजारचा गटातलाच मित्र वाकून म्हणाला, “ऊठ ना बाबा. वर प्रेक्षकांच्या सज्ज्यातली माणसं बघतायत, ऑस्ट्रियाचा हस्तक म्हणून फाडून खातील.” ओदिबेर उठला, तसा मांडीवरचा तळ जमिनीवर पडला. विरोधकांना पुकारल्यावर जेमतेम सातजण उठले. मित्राने तळ उचलून दाबून पाहिला. “मुलाच्या बुटाचा?” ओदिबेरने मान डोलावली. “खिशात घाल,” मित्र म्हणाला. “माझ्याही खिशात एक आहे.”