दोन नंबर मोठे

बर्फावरच्या हॉकीचे बूट पायाला घट्टच हवेत, असं कोचने बजावलं होतं. पण पोरीचं वाढतं अंग, म्हणून राजुरीच्या गोरखने शाळेच्या बुटांसारखे तेही दोन नंबर मोठे घेतले आणि पुढे चिंध्या कोंबल्या. लेहच्या पहिल्याच सामन्यात समृद्धीचा पाय बुटातल्या बुटात फिरला. घोटा मोडला, तो पुन्हा नीट जुळलाच नाही.

तेव्हापासून गोरख दर रविवारी त्या बुटांच्या तळाची लोखंडी पाती फडक्याने कोरडी करतो, तेल लावतो, नाड्या सोडून बूट सावलीत वाळवतो, जणू ती आत्ताच खेळून आलीय. या दिवाळीत त्याने ते भीतभीत तिच्या पायांत चढवले.

“आलं का गं आता बरोबर?”

समृद्धीने कुबडी जवळ ओढली. “एकदम मापात आलेत, अण्णा. आता नुसतं उभं राहायचं राहिलंय.”