बोटीचं लोढणं

फेरीबोटी कलंडू नयेत म्हणून त्यांच्या दोन्ही अंगांना आधार जोडलेले असतात. ते काढून टाकावेत, असं खुद्द सुरक्षा अधिकाऱ्यानेच मालकांना सुचवलं.

"बारा वर्षांत आपली एकही बोट कलंडली नाही, साहेब. मग हे लोढणं उगाच कशाला वागवायचं?"

"अहो, आधार आहेत म्हणूनच कलंडली नाही ना," दाराशी उभा असलेला म्हातारा तांडेल कळवळून म्हणाला. पण त्याला विचारतो कोण.

मालकांनी अधिकाऱ्याची पाठ थोपटली. "पटलं बुवा. या दृष्टीने मी कधी विचारच केला नव्हता."

***

सोमवारी अधिकाऱ्याच्या टेबलावर पत्र होतं: 'बारा वर्षांत एकही बोट कलंडली नसल्यामुळे सुरक्षा अधिकारी हे पद रद्द करण्यात येत आहे.'