सहाच्या आत घरी

"उद्यापासून चार-पाच दिवस मी येत नाही," सीटबेल्ट लावता लावता डॉयल म्हणाला.

एफ्रेनचा हात चावीवरच राहिला. "म्हणजे?"

"छातीत जड वाटतंय. डॉक्टर म्हणतो, आराम करा."

"अरे, पण असं आयत्या वेळी सांगतात का?"

एफ्रेनने कुरकुरत चावी फिरवली. गाडी फोन्टानातल्या त्यांच्या गल्लीतून बाहेर पडली. डॉयलच्या अंगणात निळ्या ताडपत्रीखाली एक बोट होती. रिटायर झालो की नदीवर जाऊन मासे धरत बसणार, असं तो म्हणायचा. ताडपत्रीचा रंग उडाला तरी त्याचा मुहूर्त काही लागत नव्हता.

दोघे शेजारी, आणि दोघांच्या नोकऱ्या पासाडेनाला. एफ्रेन चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात, डॉयल दोन चौक पुढे विम्याच्या कचेरीत. अकरा वर्षं ते एफ्रेनच्याच गाडीतून जात होते. गाडीत दोन माणसं असली की फ्रीवेवर सगळ्यात डावीकडच्या कारपूल लेनमधून सुसाट जाता येई. एकट्याने बाकीच्या लेनमध्ये मुंगीच्या पावलांनी सरकायचं. संध्याकाळी त्या एका लेनमुळे पस्तीस मिनिटं वाचत.

पूर्वी ती पस्तीस मिनिटं म्हणजे एफ्रेनला चैन वाटायची. चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्याच्या बायकोला, मिलाला, झटका आला आणि तिची उजवी बाजू लुळी पडली. दिवसभर तिच्यापाशी थांबणारी ओफेलिया सहाच्या ठोक्याला निघायची, कारण तिला पुढे दुसऱ्या घरी कामाला जायचं असे. डॉयल शेजारी बसला असला की एफ्रेन सहाला दहा कमी असताना घरी पोचे. एकटा असता तर साडेसहा झाले असते. एकदा अपघाताने रस्ता तुंबला आणि तेवढ्या वेळात मिला न्हाणीघरात पडली. ती त्याला तशीच फरशीवर सापडली होती. तेव्हापासून सहा वाजत आले की त्याचा जीव टांगणीला लागे.

पासाडेनाला जाणारं त्या गल्लीत दुसरं कोणी नव्हतं.

"हे बघ," एफ्रेन म्हणाला, "एक तारखेला नवी बाई येतेय. ती सातपर्यंत थांबणार आहे. तेवढे आठ दिवस काढ ना. मग घे हवी तेवढी सुट्टी."

डॉयल खिडकीबाहेर बघत राहिला. उजवीकडे गाड्यांची रांगच रांग खोळंबली होती.

"बरं," तो म्हणाला. "तसंही कचेरीत सध्या फार काम आहे."

एफ्रेनला हायसं वाटलं आणि त्याची जीभ सैल सुटली. "चार वर्षांत एक दिवस रजा नाही घेतलीस. पुतळा उभारणार आहेत का तुझा?"

"घरी बसून काय करू? बायको गेल्यापासून घर खायला उठतं."

"आणि कचेरीत काय करतोस ते दिसतंय. नाक बघ, कोळंबीसारखं लाल झालंय!"

"खिडकीजवळची जागा मिळालीय. दिवसभर ऊन येतं."

"टाय लावणंही सोडलंस."

"हल्ली कोणी विचारत नाही रे टायबिय."

कचेरीच्या दारात डॉयल उतरला. डब्याची पिशवी आणि पेपर घेऊन पायरीपाशी जरा वेळ छातीवर हात ठेवून उभा राहिला. हाक मारावी असं एफ्रेनला वाटलं, पण सिग्नल हिरवा झाला आणि मागच्याने हॉर्न वाजवला.

संध्याकाळी पाचला एफ्रेन तिथे आला, तर कंपनीच्या पाटीखाली कोणीच नव्हतं. रोज डॉयल तिथे आधीच उभा असे, पेपर काखेत, शब्दकोडं पुरं केलेलं. पूर्वी तो दहा-दहा मिनिटं ताटकळत ठेवायचा. या चार वर्षांत एकदाही नाही.

एफ्रेनने फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. पाच वाजून दहा मिनिटं झाली, मग सव्वापाच.

"नेमकं आजच!" तो करवादला. त्याने ओफेलियाला फोन केला. "थोडं थांबशील का गं? उशीर होतोय."

"दादा, सव्वासहापर्यंत थांबते. त्याच्यापुढे माझी बस चुकेल."

एफ्रेन गाडीतून उतरून तावातावाने आत गेला. अकरा वर्षांत त्या दारातून तो पहिल्यांदाच आत जात होता. टेबलापाशी एक म्हातारा पहारेकरी बसला होता.

"डॉयल हचिन्स कुठल्या मजल्यावर असतो?"

पहारेकरी उठून उभा राहिला. "तुम्ही त्यांचे कोण?"

"शेजारी. रोज घरी नेतो त्याला."

"दुपारी समोरच्या बागेत, त्यांच्या नेहमीच्या बाकापाशी कोसळले ते. मीच पळत गेलो. ॲम्ब्युलन्समधून नेलं, पण शुद्ध नव्हती."

एफ्रेनने टेबलाचा कोपरा धरला. सकाळचं सगळं बोलणं त्याला आठवलं. आठ दिवस काढ ना. ते त्याला सोसवेना. त्याने सगळा राग समोरच्या माणसावर काढला.

"आजारी होता तो! डॉक्टरने आराम सांगितला होता. चार वर्षं एक दिवस घरी बसला नाही तो माणूस, आणि तुमच्या कंपनीला त्याला चार दिवसांची सुट्टी देता येत नव्हती?"

पहारेकरी त्याच्याकडे बघतच राहिला.

"सुट्टी कसली, साहेब? डॉयलना रिटायर होऊन या एप्रिलमध्ये चार वर्षं झाली."